लाल मातीत गजकर्ण होत नाही, हे खोटं आहे

तालमीतल्या पोरांच्या आणि पालकांच्या मोबाईलवर एक मजकूर सारखा फिरतोय. म्हणे, आखाड्याच्या मातीत हळद, ताक, लिंबू, कापूर असतो, म्हणून मातीतल्या मल्लाला कातडीचा रोग होत नाही. गजकर्ण आणला तो मॅटनं. आणि झालाच तर मेडिकलमधून ट्यूब आणा, दोन दिवसांत गायब. मी स्वतः आखाड्याच्या मातीच्या हौद्यात घाम गाळलाय, आता माझा मुलगा उतरतो. हे वाचून गप्प बसवत नाही.

हळदीत जंतू मारायचा गुण आहे, पण हौद्यात हळद काही किलो आणि माती काही ब्रास. शिवाय गजकर्ण हा बुरशीचा रोग, तो मुख्यतः अंगातून अंगाला लागतो. कुस्ती धरली की मानेला मान, दंडाला दंड घासतो. मातीनं खरचटलेली, घामानं भिजलेली कातडी बुरशीला सोयीचीच.

मॅट न पुसता वापरली तर धोका आहेच. पण सगळा दोष तिचा नाही. 1989 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळकरी मल्लांच्या शिबिरात 175 पैकी 60 पोरांना नागिणीसारख्या फोडांचा विषाणू, हर्पिस, लागला. रोग वेगळा, पण तोही मुख्यतः कातडीला कातडी लागूनच पसरल्याचं तपासात दिसलं.

सगळ्यात घातक सल्ला ट्यूबचा. दुकानात न विचारता मिळणाऱ्या अशा बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. त्यानं खाज थांबते, लाली उतरते, पोरगं खूश होऊन पुन्हा जोडीला उभं राहतं. बुरशी मात्र जिवंत असते, पसरत असते. चट्ट्याची कडा पुसट झाल्यानं डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे व्रण राहतात. त्यात आता आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी फोफावलीय. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. उपचार दोन दिवसांचा नाही, कित्येक आठवड्यांचा असतो.

पोरं चट्टा लपवतात, कारण वस्ताद जोड, म्हणजे सरावाची कुस्ती, बंद करतील, जत्रेतली कुस्ती हुकेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर डॉक्टर आधी कातडी बघतात आणि संसर्ग असला तर उतरू देत नाहीत. त्यात कुणाची अब्रू जात नाही. माझ्या मुलाच्या मानेवर चट्टा दिसला तेव्हा वस्तादांनी जोड थांबवली, जोर-बैठका आणि दोर चालू ठेवला. लंगोट आणि टॉवेल फक्त त्याचा, रोज धुऊन उन्हात वाळवलेला. मेहनत संपली की साबणानं आंघोळ. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच तो पुन्हा हौद्यात उतरला.