पन्नास ग्रॅमची भावकी

गाडी चालवताना माझे हात थरथरतात, हे आधी बायकोच्या लक्षात आलं. भाचीच्या साखरपुड्याला मुंबईला निघालो होतो. द्रुतगती मार्गावर काटा ९० ला टेकला आणि स्टेअरिंगवरचे माझे दोन्ही हात मिक्सरचं झाकण दाबून धरल्यासारखे हलायला लागले.

"बीपीची गोळी घेतलीस का?"

"अगं, गाडी हलतेय."

"मला इथे काहीच हलताना दिसत नाहीये. तुझे हात सोडून."

मी वेग ७० वर आणला. हात एकदम शांत. "बघ," ती म्हणाली, "हळू चालवलंस की थांबतं. म्हणजे भीतीच." मागून आईने विषय संपवला, "त्याच्या वडिलांचेही असेच थरथरायचे." वडिलांचे हात फक्त लाइटचं बिल आल्यावर थरथरायचे, पण ते तेव्हा कोण ऐकणार?

पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरांकडे नेण्यात आलं. त्यांनी दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटं पसरायला लावली, नाकाला बोट लावून दाखवायला सांगितलं. मग विचारलं, "कंप साधारण कधी येतो?"

"९० च्या वर."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "९० च्या वर कोणालाही येतो हो. तुम्हाला अजून बरीच वर्षं आहेत."

हातात दोष नाही म्हटल्यावर प्रकरण सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलं. तिथे चार जणांनी पाच निदानं केली : शॉकअप, लोअर आर्म, अलाइनमेंट, नायट्रोजन हवा आणि "ही गाडीच विकून टाका." मी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ करून आलो. ९० ला हात पुन्हा मिक्सरवर.

शेवटी टायरवाल्याकडच्या विशीतल्या पोराने दोन प्रश्नांत निकाल लावला. "काका, गाडी एका बाजूला ओढते का?" नाही. "ठरावीक स्पीडलाच थरथरते?" हो. "मग अलाइनमेंट कशाला केलंत? बॅलन्सिंगचं काम आहे, चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायचं. स्टेअरिंग हलतं म्हणजे पुढचं चाक. मागचं असतं तर सीट हलली असती." एवढ्यासाठी मी नाकाला बोट लावून आलो होतो.

त्याने पुढचं उजवं चाक काढून मशीनच्या दांड्यावर चढवलं, मशीनची पट्टी ओढून रिमपर्यंतचं अंतर घेतलं, रिमची रुंदी आणि व्यास भरला आणि झाकण पाडलं. चाक भन्नाट फिरून थांबलं. रिमच्या कुठल्या बाजूला किती ग्रॅम वजन लावायचं, त्याचे आकडे आले : बाहेर १०, आत ६५. "६५ ग्रॅम?" असं स्वतःशीच म्हणून पोराने वाकून रिमच्या आतल्या बाजूला पाहिलं आणि हसायला लागला. "काका, शेती करता का?"

करत नाही. पण आषाढात गावी गेलो होतो, बार्शी तालुक्यात. बांधावरून भावकीत जे चाललंय ते मिटवायला आईला शेतापर्यंत नेलं होतं. वाद मिटला नाही, गाडी मात्र रुतली. बांधालगतची ती काळी माती रिमच्या आत एका जागी बसून वाळली होती, वीटभट्टीतून काढल्यासारखी. गाडी पुसणारा बाहेरून रोज चकाचक करतो, पण चाकाच्या आत कोण डोकावतं?

पोराने स्क्रू ड्रायव्हरने ढेकूळ उचकटलं. तळहातावर मावलं. पुन्हा मशीन : बाहेर १०, आत १५. म्हणजे ५० ग्रॅम माती.

मला ते पटेना. घरी येऊन गणित मांडलं. ९० च्या वेगात आमचं चाक सेकंदाला जवळजवळ १३ फेरे घेतं. त्या फिरण्यात ही ५० ग्रॅम माती चाकाला बाहेरच्या बाजूला साडेपाच किलोच्या आसपास ओढते, आणि तीही सेकंदाला १३ वेळा, दर फेऱ्यात दिशा बदलत. वेग निम्मा केला की ओढ निम्मी नाही, पाव होते. म्हणून गावात गाडी गुणी. ९० लाच का, तर चाकाच्या आणि स्प्रिंगच्या स्वतःच्या लयीला तो ठोका जुळतो, झोक्याला नेमक्या वेळी ढकलावं तसा. त्याच्या बऱ्याच पुढे गेलं की थरथर कमीही होते म्हणतात. द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० ची असल्यामुळे मी हे तपासलेलं नाही. (बायको हा लेख वाचणार आहे.)

पण ते नंतर. दुकानात पोराने माझा हात धरून टायरवरून फिरवला. मध्येच गुळगुळीत, मध्येच खोलगट. चाक रस्त्यावर नुसतं फिरत नव्हतं, उड्या मारत होतं. "उडालेल्या चाकाला ब्रेक मारून काय होणार?" तो म्हणाला. माझ्या हाताला आता खरा कंप सुटला.

मग त्याने शिशाच्या चिमुकल्या पट्ट्या काढल्या, एक १५ ची, एक १० ची. मशीनने दाखवलेल्या जागी रिमच्या कडेला हातोडीने ठोकल्या. पुन्हा फिरवलं. शून्य, शून्य. चाकाला १०० रुपये, पट्ट्यांचे ग्रॅमवर वेगळे. ग्रॅमवर काही विकत घेताना बायको पहिल्यांदाच गप्प उभी होती.

आई मात्र खुर्चीतून उठून आली. "ते ढेकूळ फेकलंस का रे?"

पोराने ते कोपऱ्यातून शोधून आणलं.

"पिशवीत घाल. आपल्या शेतातलं आहे. तुळशीला होईल."

हे सगळं मी हौसेने कुटुंबाच्या ग्रुपवर फोटोसकट टाकलं. रात्री चुलतभावाचा फोन आला.

"दादा, माती नेमकी कुठल्या बाजूच्या चाकात होती?"

"उजव्या. का रे?"

"मग तो आमच्याकडचा बांध."