स्वस्तातली सहल, पण कुणाच्या जिवावर?

मे संपत आला की आमच्या घरात काजव्यांचा विषय निघतोच. यंदाचंही ठरलंय. जुनी वॅगनआर, दोन तंबू, आम्ही चौघं, दोन रात्री, भंडारदरा. आळेफाट्यावरून बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असा आतला रस्ता घेतो. पुण्याहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडतो. पहाटे साडेचारला निघालं की ऊन तापायच्या आत पोचता येतं, एसी लावायची वेळ येत नाही.

बरेच जण खर्च विचारतात म्हणून सांगते. तिथलं फिरणं धरून पेट्रोल 2500 रुपये. गावातल्या घरी जेवण माणशी 150, तीन वेळचं मिळून 1800. अंगणात तंबू लावायचे रात्रीचे 200. अभयारण्याच्या नाक्यावरची पावती, वाटेतली मिसळ, नाश्ता, चहा हे सगळं धरून चौघांचं 6000 मध्ये बसतं.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी आमच्याबरोबर आलेल्या एकाने, आम्ही जेवतो त्या घरच्या मावशींकडे 150 चं ताट 100 ला मागितलं. मावशी काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या चुलीकडे वळल्या. ताटात नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा, वर भात. त्या भाकऱ्या थापत होत्या तेव्हा धुराने त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या मनगटाने पुसत होत्या. मी जवळच बसले होते. त्याला तिथेच थांबवायला हवं होतं, मी गप्प राहिले. ते अजून मनातून जात नाही.

सहल स्वस्तात करायची तर आपली चैन कमी करावी. हॉटेलची खोली सोडा, एसी सोडा, बाहेरचं खाणं सोडा. ज्या बाईच्या घरात वर्षभरातले हे तीन-चार आठवडेच चार पैसे येतात, तिच्या ताटावर घासाघीस करून पैसे वाचवू नका. मला हे अगदी मनापासून वाटतं.

पाण्याचंही तेच. भंडारदऱ्याचं धरण 1926 सालचं, प्रवरेवरचं, पण आजूबाजूच्या कितीतरी वाड्यांवर मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालताना दिसतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथे डोळ्यांनी दिसते. मावशींनी आमची ताटं आधी राखेने घासली आणि मग एका तांब्यात चारही विसळली. आम्ही त्याच सकाळी त्यांच्या पिंपातलं पाणी आंघोळीला घेतलं होतं! यंदा 20 लिटरचे दोन कॅन घरून भरून नेणार आहोत. दोन दिवस ओल्या फडक्याने अंग पुसून काही बिघडत नाही.

तंबूबद्दल एक सांगते. या दिवसांत संध्याकाळी वळीव गाठतो आणि वारा एवढा सुटतो की हलक्या खुंट्या उपटून निघतात. पाण्याच्या काठावर फोटो छान येतो, पण विजा चमकत असताना ती जागा धोक्याची, आणि एकटं झाड तर त्याहून धोक्याचं. घराच्या आडोशाला, अंगणातच तंबू लावा. वीज कडकडायला लागली की सरळ घरात जा, कोणी नाही म्हणत नाही.

आणि काजवे. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते एकदम लुकलुकतात. आधी एक झाड उजळतं, मग शेजारचं, आणि अंधारात ती लाट पुढे सरकत जाते. माझ्या लेकीने मागच्या वर्षी माझा हात घट्ट धरला आणि कितीतरी वेळ एक शब्द बोलली नाही. तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. त्यात कोणी गाडीचे दिवे, टॉर्च, फ्लॅश मारला की ती साद तिच्यापर्यंत पोचतच नाही. काही जातींतल्या माद्यांना तर उडताही येत नाही, त्या खाली गवतातच असतात. चांगल्या फोटोसाठी झाडाखाली घुसणारी माणसं त्यांनाच तुडवतात. त्यामुळे रस्त्यावरच उभे राहा, गाडी बंद, दिवे बंद, स्पीकर तर आणूच नका. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला की पायापुरतं दिसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई करायचा विचार आहे. 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि ऊन तापायच्या आधी, नऊच्या आत खाली उतरायला हवं. नाही जमलं तर रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गारव्याला बसू, वाटेत करवंदं विकायला बसलेल्या पोरांकडून द्रोणभर करवंदं घेऊ.

मावशींचा फोन आला होता परवा. किती माणसं, विचारत होत्या. चार म्हटलं, आणि ताट 200 चं लावा म्हटलं. त्या "बघू" म्हणाल्या, आणि लेकीला यंदाही पिठलंच हवं का, ते विचारलं.