प्रोसेसर रिकामा असूनही आवाज का तुटतो?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की 'बफर (आवाजाचा डेटा थोडा वेळ साठवून ठेवणारी जागा) वाढवा' हा माझ्या लेखातला सल्ला म्हणजे पळवाट आहे, प्रोसेसर जेमतेम 12 टक्के वापरात असूनही तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मधूनच 'टक्' येतो, आणि विंडोजच्या मागे चालणाऱ्या निम्म्या सेवा बंद केल्याशिवाय प्लेबॅकलाही गोडी येत नाही.

पहिला मुद्दा मान्य. बफर वाढवला की आवाजाला उशीर होतो, आणि हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा आला तर गाणारा लयीतून सुटतो. ऑडिओ इंटरफेसचं (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीचं) डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात येतो, मग बफर मोठा असला तरी चालतो, हे मी लिहायला हवं होतं. लेखात भर घालतो.

पण त्या 12 टक्क्यांवर विसंबू नका. ती सरासरी आहे. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने (सॅम्पल) घेताना, 64 सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे 1.3 मिलिसेकंद. एखाद्या ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामने) प्रोसेसर 2 मिलिसेकंद अडवून धरला की बफर रिकामा पडतो, मग उरलेला सेकंदभर प्रोसेसर मोकळा बसला तरी काय उपयोग? वेळ तर टळलेली असते.

माझ्याकडे एकदा लांबवलेल्या स्वरात असाच 'टक्' आला. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला, तर गोलसर वळणं घेत जाणारी रेघ एका जागी उभी तुटलेली आणि पुढची लहर भलत्याच उंचीवरून सुरू. मधले सॅम्पल गेलेच होते. लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवलं, त्यात वायफायचा ड्रायव्हर सगळ्यात वर निघाला. वायफाय बंद केलं आणि टकटक थांबली. लॅपटॉप असेल तर पॉवर प्लॅनही बघा, वीज वाचवणारा प्लॅन असाच नडतो.

प्लेबॅकचं मात्र पटत नाही. तिथे फाईल आधीच डिस्कवर असते, घाई कसलीच नाही, बफर खुशाल मोठा ठेवा. असिंक्रोनस यूएसबी डॅक (डिजिटल डेटाचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) असेल तर ठेका डॅकचं घड्याळ धरतं, संगणक नव्हे. सॅम्पल एक तर जसेच्या तसे पोचतात, नाहीतर आवाज सरळ तुटतो. सेवा बंद करून त्यात गोडी कुठून येणार? खरा फरक पडतो तो विंडोजचा मिक्सर 44.1 किलोहर्ट्झची फाईल 48 ची करतो तेव्हा. ते टाळायला वासापीचा (विंडोजच्या ऑडिओ यंत्रणेचा) एक्स्क्लुझिव्ह मोड वापरा, त्यात मिक्सर मध्ये येत नाही.

आता वायफाय बंद ठेवून दहा मिनिटं लेटन्सीमॉन चालवा आणि सगळ्यात वर कोणता ड्रायव्हर येतो ते इथेच लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.