बाटलीत सापडला नाही, म्हणून समुद्रात नाही?

सागरी गवताच्या कुरणातले बाटलीभर पाणी तपासले की तिथला प्रत्येक जीव कळतो, प्रत्येकाची संख्याही कळते, ज्याचा डीएनए सापडला नाही तो जीव तिथे नाहीच, आणि डीएनए कायम राहतो, असे छातीठोकपणे सांगणारा एक संदेश सध्या फिरत आहे. माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मग अशा जागी भराव टाकायला हरकत काय?’ संदेश नेमका हाच निष्कर्ष काढायला लावतो, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

सर्वांत घातक विधान ‘सापडला नाही म्हणजे नाही’ हेच. माशांची श्लेष्मा, विष्ठा, खवले यांतून सुटलेला डीएनए पाण्यात असतो. ते पाणी गाळून, डीएनए वेगळा करून, पीसीआर या प्रयोगशाळेतल्या प्रक्रियेने त्याच्या प्रती वाढवून त्याचा क्रम (म्हणजे त्यातल्या रासायनिक अक्षरांची मांडणी) ज्ञात प्रजातींच्या क्रमांच्या संदर्भसंग्रहाशी ताडून पाहतात. यातल्या प्रत्येक पायरीवर जीव निसटू शकतो, आणि गवताच्या कुरणात तर अधिकच. तिथल्या पाण्यातला गाळ आणि कुजक्या पानांचे कण यांनी ०.४५ मायक्रॉन छिद्रांची गाळणी लवकर तुंबते, त्यामुळे ठरवले होते त्यापेक्षा कमी पाणी गाळले जाते. पानांतून उतरणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये पीसीआरलाच अडथळा आणतात, म्हणजे डीएनए नळीत असूनही निकाल कोरा येऊ शकतो. माशांसाठी घडवलेला ‘मायफिश’ प्रायमर (पीसीआरमध्ये कोणाच्या डीएनएच्या प्रती निघतील हे ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरून खेकडे सापडले नाहीत अशी तक्रार करण्यात तर काहीच अर्थ नाही. शिवाय ज्या प्रजातीचा क्रम संग्रहातच नाही, तिचा डीएनए हाती येऊनही ती बेनाव राहते. म्हणून किती पाणी गाळले, किती नमुने घेतले, कोणता प्रायमर वापरला आणि पीसीआरला अडथळा होता का हे तपासले की नाही, एवढे सांगितल्याशिवाय ‘आढळला नाही’ हा शेरा कोणत्याही अहवालात ग्राह्य धरू नये.

संख्येबद्दल थोडक्यात. एखाद्या प्रजातीच्या क्रमांच्या नोंदी जास्त म्हणजे तिचे मासे जास्त, असे सरळ गणित नसते. कुणाचा डीएनए जास्त सुटतो, कुणाचा कमी. आणि प्रायमरही सगळ्यांना सारखाच चिकटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे गवत अनेक माशांच्या पिल्लांचे आश्रयस्थान असते, आणि बोटभर पिल्लू व पूर्ण वाढलेला मासा यांच्या डीएनएचा क्रम सारखाच असतो. कुरण पिल्लांनी भरले आहे की वरून दोन मोठे मासे गेले, हे बाटली सांगत नाही. त्यासाठी जाळे, कॅमेरा किंवा पाणबुड्याचे डोळेच लागतात.

संदेशात पुरावा म्हणून डेन्मार्कच्या २०१२ सालच्या अभ्यासाचा उल्लेख आहे. तो अभ्यास खरोखर चांगला आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. समुद्राच्या पाण्याच्या थोड्याशा नमुन्यांतून १५ जातींचे मासे ओळखले गेले, आणि मासे शोधण्याच्या रूढ अशा नऊ पद्धतींपैकी कोणत्याही एका पद्धतीच्या तुलनेत डीएनएचा निकाल सरस किंवा तोडीस तोड ठरला. मुळे न उपटता, जाळे न ओढता लपणारे जीव हेरायला ही पद्धत उत्तम, यात वाद नाही. पण ‘एका पद्धतीच्या तोडीस तोड’ याचा अर्थ ‘बाकी सगळ्या निरुपयोगी’ असा संदेशकर्त्याने कुठून काढला, ते त्यालाच ठाऊक.

त्याच अभ्यासात समुद्राच्या पाण्यातला डीएनए काही दिवसांतच ओळखण्यापलीकडे विघटित होतो, असेही दिसले. संदेशात ते गाळले आहे, कारण ‘डीएनए कायम राहतो’ हे त्याचे चौथे विधान त्यामुळे पाण्यापुरते तरी कोसळते. तळाच्या गाळात मात्र तो खूप टिकतो, एवढे अर्धसत्य त्यात आहे. ग्रीनलँडमधल्या गाळाच्या थरांतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात मॅस्टोडॉन या लुप्त हत्तीवर्गीय प्राण्याचाही माग लागला. डीएनए सापडला म्हणजे जीव तिथे आहेच, हे संदेशाचे तर्कशास्त्र लावले तर तिथे आजही मॅस्टोडॉन चरत असले पाहिजेत.