१५ हजारांत टर्बो बसेल, इंजिन मात्र टिकणार नाही

‘१५ हजारांत कोणत्याही जुन्या गाडीला टर्बो’ हा मेसेज सध्या नागपूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांमध्ये फिरतो आहे. काल तो भाच्याकडून माझ्यापर्यंत आला. खाली त्याचा प्रश्न होता, "मामा, आपल्या वॅगनआरला करून टाकू का?" नको करूस. काहून नको, ते सगळ्यांसाठीच लिहितो, कारण मेसेज वाचून आणखी कितीतरी पोट्टे मेस्त्रीकडे निघाले असतील.

मेसेजचं म्हणणं असं आहे. भंगारातून डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंखा) आणायचा, त्यासाठी धुराचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांतून धूर बाहेर नेणारी नळी) वेल्ड करून घ्यायचा, पाइप जोडायचे. ईसीयूला, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हात लावायचा नाही, कारण ‘तो आपोआप शिकतो’. पॉवर ४० टक्के वाढते, अ‍ॅव्हरेजही वाढतं. टर्बो मिळाला नाही तर ऑनलाइन मिळणारा इलेक्ट्रिक टर्बो लावायचा. इंजिन नंबर बदलत नाही, म्हणून आरटीओचा प्रश्नच येत नाही. पुराव्यादाखल बलेनो आरएसचा दाखला दिला आहे: कंपनीनंच १ लिटरच्या इंजिनाला टर्बो लावून १०२ पीएस काढले.

‘ईसीयू आपोआप शिकतो’ हे वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तेच घेतो.

ईसीयू शिकतो, पण कधी? गाडी रमत-गमत चालली असते तेव्हा. त्या वेळी तो सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून पेट्रोल थोडं कमी-जास्त करतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो त्या सेन्सरकडे बघणं सोडतो आणि आपल्या आत लिहिलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. टर्बो नसलेल्या गाडीत हा तक्ता वातावरणाच्या दाबापाशी, म्हणजे १०० किलोपास्कलच्या आसपास संपतो. हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सरही जवळपास तेवढंच मोजू शकतो. तुम्ही अर्धा बार बूस्ट (टर्बोचा जादा दाब; १ बार म्हणजे १०० किलोपास्कल) दिला तर मॅनिफोल्डमध्ये १५० असतात आणि ईसीयूला दिसतात शंभर-एकशे दहा. तो पेट्रोल शंभराच्याच हिशोबानं सोडणार.

आता आकडे मांडा. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला हवा-पेट्रोलचं प्रमाण साधारण १२.५ ला १ असतं. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) नसताना अर्ध्या बारवर हवा २५ टक्क्यांच्या आसपास जास्त जाते (हिशोब पुढे दिला आहे). पेट्रोल तेवढंच राहिलं तर प्रमाण १५.७ च्या पुढे जातं. त्यात ज्या गाड्यांत पेट्रोलची परतीची लाइन नसते आणि रेग्युलेटर टाकीतच असतो, तिथे रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब ३ बारवर कायम राहतो. इंजेक्टरच्या तोंडावर अर्धा बार उलटा दाब आला की कामाला उरतात अडीच, आणि फवारा ९ टक्क्यांनी घटतो. म्हणजे प्रमाण १७ ला १. बूस्टवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला खरं तर ११.५ ते १२ लागतात.

स्पार्कचंही तसंच आहे. दाब वाढला की टायमिंग मागे घ्यावं लागतं. ढोबळ हिशोब आहे, दर १ पीएसआयला साधारण १ डिग्री. अर्धा बार म्हणजे ७ पीएसआयपेक्षा थोडं जास्त. ईसीयूला बूस्ट दिसतच नसल्यामुळे तो टायमिंग जुन्याच जागी ठेवतो. इतकं पातळ मिश्रण, इतकं पुढे टायमिंग आणि १० ला १ कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) एकत्र आलं की गाडी नॉक करते. स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं. सुरुवातीला खडे वाजल्यासारखा आवाज येतो, पण बूस्टच्या आवाजात तो ऐकू येत नाही. मग पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, हेड गॅस्केट जातं किंवा पिस्टनला भोक पडतं. शिवमडक्याहून समृद्धीवर चढून १२० नं सलग गाडी पळवताना तर चढ, ओव्हरटेक किंवा समोरचा वारा आला की पाय दाबला जातो आणि बूस्ट बराच वेळ टिकतो. शहरात महिनाभर चाललेलं इंजिन तिथे एका फेरीत बसू शकतं.

बलेनो आरएसचा दाखला अर्धाच खरा आहे. १०२ पीएस आणि १५० न्यूटन-मीटर हे आकडे बरोबर आहेत. कॉम्प्रेशन १० ला १ ठेवलं होतं हेही बरोबर. पण त्या बूस्टरजेट इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि तिथे उडताना ते आतली हवा थंड करतं. म्हणूनच तेवढं कॉम्प्रेशन तिथे चालतं. वॅगनआरच्या ६८ पीएसच्या के१०बी इंजिनात पेट्रोल मॅनिफोल्डमध्येच सुटतं. ९० पीएसचं ध्येय ठेवलं तरी दर सिलिंडरला मिनिटाला सुमारे २३५ सीसीचा इंजेक्टर लागतो. ६८ पीएसची गरज हिशोबानं १४० च्या आसपास भागते.

आता ४० टक्क्यांचं बघू. दाब दीडपट झाला म्हणून हवा दीडपट होत नाही, कारण दाबताना ती तापते. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांची असते. अर्ध्या बारला, ६५ टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरमधून ती साधारण १०५ अंशांनी बाहेर पडते. हवा २६ टक्केच वाढते, आणि टायमिंग मागे घेतल्यावर त्यातलंही काही जातं. इंटरकूलर लावून ती ६५ अंशांवर आणली तर वाढ ४१ टक्के होते. म्हणजे ४० चा आकडा खोटा नाही, हे मान्य करावं लागेल. पण तो ज्या इंटरकूलरमुळे आणि ट्यूनिंगमुळे येतो, तेच मेसेजनं गाळलं आहे. बोनेटमधली गरम हवा ओढणारा फिल्टर लावला तर आणखी वाईट, कारण सुरुवातच ६० अंशांपासून होते.

अ‍ॅव्हरेज वाढत नाही. कंपन्या टर्बो लावून इंजिन लहान करतात, फायदा त्यातून येतो. तुमचं इंजिन तेवढंच राहतं.

इलेक्ट्रिक टर्बोबद्दल इतकं सांगणं पुरे आहे. १ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला जवळपास ३००० लिटर हवा ओढतं. ती ०.३ बारनं दाबायला २ किलोवॅटच्या आसपास ताकद लागते, १२ व्होल्टवर दीडशेपेक्षा जास्त अँपिअर. लहान गाडीचा अल्टरनेटर साधारण ५० ते ७० अँपिअरचा असतो. ऑडीनं २०१६ मध्ये एसक्यू७ ला खरा इलेक्ट्रिक कंप्रेसर दिला, तो ७ किलोवॅटचा होता आणि त्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी वायरिंग घातली. पाच अँपिअरचा प्लास्टिकचा पंखा हवेच्या वाटेत फक्त अडथळा करतो. त्याचं पातं तुटलं तर तुकडे थ्रॉटलच्या दिशेनं ओढले जातात.

भंगारातला डिझेल टर्बो चालतो का? थोडा चालतो. १.३ मल्टिजेट डिझेलच्या ७५ पीएस इंजिनावरचा केपी३५ टर्बो लहान पेट्रोल इंजिनांवर हौशी लोक वापरतात आणि मापानं तो बसतो. ९० पीएसवाल्याचा, आत हलणाऱ्या पात्यांचा टर्बो मात्र घेऊ नका. डिझेलचा धूर साधारण ८०० अंशांपर्यंत जातो, पेट्रोलचा साडेनऊशेपर्यंत, आणि त्या उष्णतेत पाती अडकतात. केपी३५ घेतला तरी त्याचा वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) डिझेलच्या बूस्टसाठी लावलेला असतो. अर्ध्या बारला तो उघडत नाही, स्प्रिंग बदलावी लागते.

मेसेजमध्ये ऑइलच्या लाइनबद्दल एक शब्द नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून फीड घेता येते. खरा घोळ परतीच्या लाइनमध्ये होतो. तिथे दाब नसतो, ऑइल फक्त वजनानं उतरतं. लाइन आतून किमान १२ ते १५ मिलिमीटर असावी, शक्य तितकी उभी, कुठेही वर न चढणारी, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी. चेंबर उतरवून त्यात बंग, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, वेल्ड करावा लागतो. त्याचा कंटाळा करून बारीक रबरी पाइप लावला की ऑइल टर्बोत तुंबतं, सीलमधून गळतं, निळा धूर निघतो. हाच पाइप तापून फाटला आणि लाल झालेल्या टर्बाइनवर ऑइल पडलं तर गाडी पेट घेते.

आरटीओबद्दलचं म्हणणं साफ खोटं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा: नोंदणीतला तपशील उत्पादकानं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसाठी मान्यतेची सोय आहे, घरगुती टर्बोसाठी नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच कलमावर निकाल देऊन मूळ तपशिलाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एमएच ३१ असो, ४९ असो की ४०, कायदा तोच. अपघात झाला तर विमा कंपनीलाही दावा अडवायला हे कारण मिळतं.

भाच्याला सांगितलं ते असं. पिकअप कमी वाटतो तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट कर. तीन सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक निघाला तर इंजिनच थकलं आहे, त्याच्यावर टर्बोचा विचारही करायचा नाही. ते ठीक असेल तर प्लग बदल, इंजेक्टर साफ करून प्रत्येकाचा फवारा मोजून घे, एअर फिल्टर अन् थ्रॉटल बॉडी बघ, क्लच प्लेट घसरते का ते चौथ्या गिअरमध्ये चढावर तपास. टर्बोचा नाद तरीही सुटत नसेल तर रस्त्यावरच्या गाडीवर नको, ट्रॅकसाठी वेगळी गाडी घे, आणि खर्चाची यादी टर्बोपासून नको, वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) अन् प्रोग्रॅम होणाऱ्या ईसीयूपासून सुरू कर. ही दोन नवी घेतली की १५ हजार तिथेच संपतात.