चिऊताईचे बंद दार

माझी धाकटी बहीण दादरला राहते आणि दर शनिवारी संध्याकाळी इमारतीतल्या मुलांना जिन्यात बसवून गोष्टी वाचून दाखवते. गेल्या महिन्यात तिने चिऊ-काऊची गोष्ट वाचली आणि त्यावरून पालकांमध्ये चांगलेच वाजले. एका आईचे म्हणणे असे, की ज्या शहरात दर पावसाळ्यात हजारो घरांचे पत्रे गळतात, तिथे शेणाच्या घरात राहणाऱ्याला मेणाच्या घराबाहेर ताटकळत ठेवण्याची गोष्ट मुलांना सांगूच नये; परदेशात असली पुस्तके केव्हाच सुधारून घेतली आहेत. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, की ही गोष्ट ऐकत चार पिढ्या मोठ्या झाल्या, कोणीही बिघडले नाही, आणि परदेशातही या खुळावर लोकांनी टीकाच केली. दोन्ही बाजूंनी परदेशाची साक्ष काढली, म्हणून बहिणीने मला इंग्लंडमध्ये लीड्सला फोन करून विचारले, "ताई, तिकडे पुस्तके खरंच बदलतात का गं?"

बदलतात. 2023 च्या फेब्रुवारीत इथले प्रसिद्ध बाललेखक रोआल्ड डाल यांच्या मुलांच्या पुस्तकांतले शेकडो शब्द प्रकाशकांनी नव्या आवृत्त्यांत बदलल्याचे उघड झाले. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'तला खादाड मुलगा आधी 'जाडा' होता, तो 'अवाढव्य' झाला. त्यावर इथे इतका गदारोळ उठला, की आठवड्याभरात पफिन प्रकाशनाला जुन्या मजकुराची 17 पुस्तकेही छापणार असल्याचे जाहीर करावे लागले. म्हणजे त्या आईंचेही खरे आणि आजोबांचेही खरे.

मला मात्र त्याच पुस्तकातला आणखी जुना बदल अधिक बोलका वाटतो. 1964 च्या पहिल्या आवृत्तीत चॉकलेटच्या कारखान्यातले बुटके कामगार आफ्रिकेच्या जंगलातून आणलेले पिग्मी होते. मालकाने त्यांना भोके पाडलेल्या खोक्यांत घालून चोरून आणले आणि मजुरी म्हणून कोकोच्या बिया दिल्या. या चित्रणावर आक्षेप आल्यावर 1973 च्या आवृत्तीत डाल यांनी स्वतःच त्यांना गोरे केले आणि एका काल्पनिक देशाचे रहिवासी बनवले. खोकी मात्र तशीच राहिली आणि मजुरीही कोकोच्या बियांचीच राहिली. माझी मुलगी सात वर्षांची असताना हे पुस्तक मी तिला रोज रात्री वाचून दाखवत असे, आणि खोक्यांच्या त्या वाक्यावरून मी न अडखळता पुढे गेले होते. तो रंग बदलला नसता, तर त्या वाक्यापाशी मी नक्की थांबले असते. अस्वस्थ करणारी गोष्ट शब्दांत नसून व्यवहारात असेल, तर शब्द बदलल्याने ती जात नाही, उलट दिसेनाशी होते.

आपल्या गोष्टींनाही हेच लागू पडते. बर्फासारख्या कांतीच्या त्या परदेशी राजकन्येला मराठीत आणताना आपण तिला हिमगौरी म्हटले, इतके ते गोरेपण आपल्याला सहज वाटले. श्रावणात शिवामुठीची कहाणी वाचली जाते, तिच्यात नावडत्या सुनेला उष्टे अन्न आणि राहायला गुरांचा गोठा मिळतो. पुढे तिचे भाग्य उजळते, पण तिला गोठ्यात ठेवणाऱ्या राजाला जाब कोणीच विचारत नाही.

चिऊ-काऊच्या गोष्टीत तर क्रौर्य कुठे बोटही ठेवता येणार नाही इतके मऊ आहे. कावळा दार वाजवतो आणि चिमणी म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते; थांब, बाळाला तीट लावते; थांब, बाळाला निजवते. यातले एकही काम वाईट नाही. आपल्या बाळाची काळजी हेच दुसऱ्याला पावसात उभे ठेवण्याचे कारण होते, आणि ऐकणारे मूल उबेत, आईच्या कुशीत असते, म्हणून ते चिमणीच्या बाजूने ऐकते. माझी आजी शेवट असा सांगे, की चिमणी कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवते आणि त्याचे बूड भाजते. आम्ही खदखदून हसत असू.

'कोणीही बिघडले नाही' हे आजोबांचे म्हणणे म्हणूनच मला मान्य नाही. गिरगावातल्या आमच्या घरी कचरा नेणाऱ्या बाईंना पाणी मिळे, पण ते उंबऱ्याबाहेर आणि वेगळ्या पेल्यातून. तो पेला खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला असे आणि त्याला हात लावायचा नाही, हे मला कोणी न सांगताच कळले होते.

तरीही गोष्ट बंद करू नये, असेच मी बहिणीला सांगितले. इथे पुस्तकाचा मजकूर हक्कधारकांच्या हातात असतो, म्हणून भांडण त्यांच्याशी होते. चिऊ-काऊची गोष्ट कोणाच्याच मालकीची नाही. माझ्या आईने तवा काढून टाकला आणि कावळ्याला गरम दूधभात दिला, त्यासाठी तिला कोणाची परवानगी लागली नाही. मला स्वतःला आजीचा तवाही मुलांना ऐकवावासा वाटतो, पण त्यानंतर हसण्यापाशी गोष्ट संपवू नये.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी अंधेरीला नोकरी करत होते. लोकल बंद पडल्या, म्हणून चालत निघाले आणि रात्री कुर्ल्याजवळ छातीभर पाण्यात अडकले. एका चाळीच्या जिन्यावरून कोणीतरी हाका मारत होते. वरच्या खोलीत माझ्यासारखी अनोळखी अकरा माणसे होती. त्या घरातल्या बाईंनी दोरीवरची कोरडी साडी माझ्या हातात दिली आणि स्टोव्हवर चहाचे आधण ठेवले. त्यांचे बाळ पाळण्यात रडत होते. त्यांनी पाळण्याची दोरी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "जरा झोका द्या, मी बाकीच्यांचं बघते."

येत्या शनिवारी बहीण तीच गोष्ट पुन्हा वाचणार आहे. तिसऱ्या 'थांब'पाशी तिने पुस्तक मिटावे, आणि आजोबांना खाली बोलावून त्या रात्री ते कुठे होते, हे मुलांना सांगायची विनंती करावी, असे मी तिला कळवले आहे.