‘लेकरांच्या डोक्यात भेद घालू नका’ म्हणणाऱ्या आप्पांना

आप्पा, नमस्कार.

तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिली-दुसरीच्या लेकरांना जातपात, मुलगा-मुलगी असलं काही कळत नसतं, आम्ही नवे मास्तर ‘समानता’ आणि ‘समावेशन’ यांची भाषणं देत तेच त्यांच्या डोक्यात घालतो. सगळ्यांना सारखं वागवलं की झालं. आणि भिंतीवर पावरी-भिलोरी या आदिवासी बोलींतले शब्द लिहिले तर पोरं मराठी शिकणार कधी?

भाषणांबद्दल तुमच्याशी भांडण नाही. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हे रोज सकाळी खड्या आवाजात म्हणणारी पोरं दुपारी खिचडीच्या पंगतीत कोणी कोणाशेजारी बसायचं ते बिनचूक ठरवतात. म्हणूनच ‘त्यांना कळत नाही’ हे माझ्या गळी उतरत नाही. त्यांना कळतं, आणि त्यातलं बरंचसं शाळेतच कळतं.

जूनमध्ये शिष्यवृत्तीची, उपस्थिती भत्त्याची माहिती भरायची असते. घाईतला मास्तर भर वर्गात विचारतो, ‘एसटीवाले हात वर करा. एससी कोण कोण?’ सहा वर्षांचं लेकरू शेजारच्याकडे बघत हात वर करतं. वास्तविक जात जनरल रजिस्टरला दाखल करतानाच लिहिलेली असते. तिथून उतरवून घ्यायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. गणवेशाचंही तेच. २०२३ पर्यंत मोफत गणवेश सगळ्या मुलींना होता, पण मुलग्यांपैकी फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना. उरलेला पोरगा मित्राच्या नव्या शर्टाकडे बघत उभा. ‘त्याला का, मला का नाही?’ याचं उत्तर घरी कोणत्या शब्दांत मिळत असेल ते तुम्हाला सांगायला नको. आता पहिली ते आठवी सगळ्यांना गणवेश आहे. (वेळेवर मिळतो का, ते विचारू नका.)

झाडू मुलींच्या हातात, घंटा मुलग्यांच्या, आणि पाण्याचं पिंप भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या पोरांनी भरायचं, हे कोणत्या पुस्तकात छापलेलं नसतं. हजेरीपटावर आधी मुलगे, मग मुली, हीसुद्धा नुसती वहिवाट. आम्ही नावं अक्षरक्रमाने एकत्र लिहिली आणि झाडणं, पाणी, वाढप, घंटा सगळ्याच्या पाळ्या त्या क्रमाने लावल्या. पंगतही त्याच क्रमाने बसते. मास्तरांचं नावही पाळीत आहे. माझ्या पाळीला वर्ग कसा झाडला जातो, यावर पोरी जी टीका करतात ती तुमच्या टीकेपेक्षा कडक असते. या सगळ्यात ‘जात’ हा शब्द एकदाही उच्चारावा लागला नाही.

आता ‘सारखं वागवा’. आमची शाळा नंदुरबारच्या शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दिवाळी झाली की पाड्यावरची काही कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, लेकरं बरोबर. काहींना हंगामी वसतिगृहाचा आधार होतो, सगळ्यांना नाही. तिकडची शाळा गुजराती. होळीला ती परततात तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत पोचलेला असतो. त्यांना ‘सारखं’ वागवायचं म्हणजे तोच भागाकार त्यांच्यापुढे टाकायचा आणि मागच्या रांगेत बसवायचं का? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने राज्याबाहेरही शाळा बदलायचा हक्क दिलाय, पण हक्क घेऊन फडावर गेलेल्या सात वर्षांच्या पोराला गुजराती फळा वाचता येत नाही. त्याला परत आल्यावर रोज तासभर जास्त द्यावाच लागतो. गावातल्या एका पालकाने मला विचारलं, आमच्या पोराला का नाही तो तास? मी म्हटलं, त्यालाही चार महिने फडावर पाठवा, देतो. हे उत्तर जरा तिखट झालं, पण मी ते मागे घेत नाही.

भाषेचं सांगायचं तर, तुम्ही घरी अहिराणीच बोलत असाल. प्रमाण मराठीवाला अहिराणी पोराला हसतो. ‘माले भूक लागनी’ म्हणून हसू झालेलं तेच पोरगं मग पावरी बोलणाऱ्याला हसतं. उतरंड अशी खाली झिरपत जाते, आणि सगळ्यात खालचं लेकरू पहिले काही महिने तोंडच उघडत नाही. मास्तर शेरा मारतो, ‘मंद’. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे संविधानाच्या ३५०-क कलमात १९५६ पासून आहे. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषाच सांगितली आहे. आमच्याकडे पावरीची पुस्तकं नाहीत, तेव्हा आम्ही एवढंच करतो: चित्राखाली दोन शब्द, वरचा घरचा, खालचा मराठी. गोष्ट आधी चौथीतली एखादी ताई पावरीत सांगते, मग मी मराठीत. गोष्ट माहीत असली की मराठी शब्द पोरं स्वतःच पकडतात. तिसरीत ती मराठी वाचतात, आप्पा. बोलायला तर त्याआधीच लागतात, आणि मग गप्प बसवणं हेच काम होऊन बसतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, गावाला हे पटतं का? सगळ्यांना नाही. झाडू-पाळीवरून दोन घरांतून तक्रार आली, शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघाला. अध्यक्षबाईंची स्वतःची मुलगी दुसरीत आहे, त्या म्हणाल्या, ‘माझी झाडते, तर तुमचा का नाही?’ विषय तिथे मिटला. एका घरातला मुलगा मात्र जूनमध्ये शहाद्याच्या इंग्रजी शाळेत गेला. कारण त्यांनी बसची सोय सांगितलं. दाखल्यावर मी तेच लिहिलं.